इव्हानची मुलगी

शेरेमेत्येवो हे नाव मी पहिल्यांदा वाचले ते विमानाच्या तिकिटावर. परक्या विमानतळांची नावे आपण वाचतो आणि विसरतो, तसे हेही विसरून गेले असते. पण पुण्यात ज्या संध्याकाळच्या वर्गात मी दोन वर्षे रशियन शिकले, तिथल्या बाईंनी तिकीट हातात घेऊन विचारले, "हे शेरेमेत्येव कोण, ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हते. बाई म्हणाल्या की, १९५९ साली सुरू झालेल्या त्या विमानतळाला जवळच्या गावाचे नाव मिळाले आणि त्या गावाला मिळाले होते ते एका उमराव घराण्याचे. झार गेले, उमराव गेले, त्यांना घालवणारे सोव्हिएत राज्यही गेले, पण शेरेमेत्येव हा शब्द रोज हजारो प्रवाशांच्या तोंडी आहे. २०१९ मध्ये विमानतळाच्या नावाला कवी पुश्किनचेही नाव जोडले गेले. हा योग वाटतो त्याहून जुना आहे, त्याकडे मी पुढे येईन.

या घराण्याचे भाग्य पीटर द ग्रेटच्या काळात उजळले. सेनापती बोरिस शेरेमेत्येव याला १७०६ मध्ये काउंट हा किताब मिळाला, स्वीडनविरुद्धच्या पोल्ताव्याच्या लढाईत त्याने रशियन फौजेचे नेतृत्व केले, आणि नव्या राजधानीत, पीटर्सबर्गमध्ये, फोंतांका नदीच्या काठी त्याला १७१२ मध्ये जागा मिळाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा नातू निकोलाय पेत्रोविच याच्याकडे दोन लाखांहून अधिक भूदास, म्हणजे जमिनीबरोबर मालकीची ठरणारी माणसे, होते. रशियन भाषेत ही मोजदाद 'आत्म्यां'मध्ये करत. 'दुशा' म्हणजे आत्मा, आणि 'दुशा' म्हणजेच जमीनमालकाच्या नावावर नोंदलेला एक भूदास. अमक्याकडे पाचशे आत्मे आहेत, तमक्याने तीस आत्मे गहाण टाकले, असे लोक सहज बोलत आणि त्यात कोणाला काही खटकत नसे. पीटरने बसवलेला डोईपट्टीचा कर मात्र पुरुष आत्म्यांवरच होता. भूदास बाईवर मालकी चाले, तिची विक्री चाले, पण कराच्या हिशेबात तिचा आत्मा धरला जात नसे.

अशाच एका हिशेबाबाहेरच्या मुलीविषयी मला लिहायचे आहे. ३१ जुलै १७६८ रोजी यारोस्लाव्हल प्रांतात, शेरेमेत्येवांच्या मालकीच्या लोहाराच्या घरी ती जन्मली. बाप्तिस्म्याचे नाव प्रस्कोव्या, हाक मारायचे नाव पराशा. बाप इव्हान पाठीला पोक असलेला होता, म्हणून लोक त्याला पोकवाला या अर्थाने गोर्बुनोव्ह म्हणत, आणि लोहार म्हणून कोवाल्योव्ह. कागदोपत्री मुलीची ही दोन्ही आडनावे आढळतात. गरिबाच्या आडनावाला तेव्हा फारसा अर्थ नव्हता. ते व्यंगावरून पडे किंवा धंद्यावरून पडे, आणि कारकुनाच्या मनात आले की बदले.

सात-आठ वर्षांची असताना तिला घरातून उचलून मॉस्कोजवळच्या कुस्कोवो इथल्या हवेलीत आणले गेले. 'उचलून' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. काउंटच्या नात्यातली एक वृद्ध राजकुमारी तिला सांभाळू लागली, तिच्या गळ्याचा कस लागला, आणि तिला फ्रेंच, इटालियन, गायन, हार्प आणि अभिनय शिकवायला शिक्षक नेमले गेले. एखाद्या दरबारी घरातल्या मुलीला मिळावे असे ते शिक्षण होते. फरक एवढाच की, दरबारी घरातल्या मुलीला ते नाकारता आले असते.

हे सारे कशासाठी चालले होते, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पीटरने उमरावांना आयुष्यभर सरकारी चाकरीला जुंपले होते. १७६२ मध्ये तिसऱ्या पीटरने काढलेल्या जाहीरनाम्याने ती सक्ती उठली. उमराव मोकळे झाले आणि आपापल्या जहागिरीत परतले, पण भूदासांची सक्ती तशीच राहिली, उलट सम्राज्ञी कॅथरीनच्या काळात ती अधिक घट्ट झाली. हाती वेळ आणि पैसा, डोक्यात पॅरिस, आणि अंगणात हजारो माणसे, ज्यांना जे शिकवाल ते त्यांनी शिकायचे. यातून रशियातली ती विलक्षण गोष्ट जन्मली, भूदासांची नाटकमंडळी. शंभराहून अधिक जहागिरींवर अशा रंगशाळा होत्या. गायक, नर्तकी, वादक, नेपथ्यकार, शिंपी, सारे मालकीचे. सकाळी गोठा साफ करणारा माणूस संध्याकाळी ग्रीक देव होऊन ढगातून उतरे. त्याच काळातल्या वर्तमानपत्रांत स्वयंपाकी, केशरचनाकार आणि शिकवून तयार केलेल्या मुली विकायच्या असल्याच्या जाहिराती येत.

निकोलाय शेरेमेत्येव या हौशी उमरावांतला अव्वल. हॉलंडमधल्या लायडनला शिकलेला, स्वतः चेलो वाजवणारा, आणि नाटकाचे वेड मुरलेला. पॅरिस ऑपेरातला इव्हार नावाचा एक चेलोवादक त्याला पत्रांतून नव्या प्रयोगांच्या स्वरलिपी, पोशाखांची रेखाटने आणि रंगमंचावरच्या यंत्रांचे आराखडे पाठवत असे. त्यामुळे पॅरिसमध्ये गाजलेली एखादी ऑपेरा, राजधानीच्या सरकारी रंगभूमीवर येण्याआधी, मॉस्कोच्या वेशीवर लोहार-कोळ्यांच्या मुलांच्या तोंडून ऐकायला मिळे.

पराशा १७७९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, ग्रेत्री या संगीतकाराच्या एका ऑपेरात पहिल्यांदा रंगमंचावर आली. लवकरच तिला नवे नाव मिळाले. काउंटला गावठी आडनावे फलकावर नको होती, म्हणून मंडळीतल्या मुलींना त्याने रत्नांची नावे दिली. कोणी इझुम्रूदोव्हा, म्हणजे पाचूची, कोणी ग्रानातोव्हा, म्हणजे तामड्याची, कोणी बिर्यूझोव्हा. रशियनमधला 'बिर्यूझा' आणि आपला 'पिरोजा' एकाच फारसी शब्दाची लेकरे आहेत, हे शब्दकोशात सापडले तेव्हा मला उगीचच आनंद झाला होता. पराशाच्या वाट्याला मोती आला: 'झेमचुग' म्हणजे मोती, म्हणून झेमचुगोव्हा. नाव सुरेख आहे. पण रत्नांची यादी जिथे असते त्या जागेचा, म्हणजे मालकाच्या जामदारखान्याचा, वास त्या नावातून जात नाही. मोती कोणाचा, हा प्रश्न नावातच उरतो.

इथे मला आजीची आठवण येते. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवऱ्या मुलीचे नवे नाव लिहितात. आजीचे नाव असेच लिहिले गेले आणि जुने इतके पुसले गेले की, ती गेल्यावर माहेरचे नाव सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. आपल्या नावाची तीन पदे असतात, आणि लग्नानंतर आडनावाबरोबर मधले पदही बदलते. वडील जातात आणि नवरा येतो. रशियन माणसाच्या नावातही मध्ये बापाचे नाव असते, पण ते लग्नाने बदलत नाही. इव्हानची मुलगी इव्हानोव्हना म्हणून जन्मते आणि इव्हानोव्हना म्हणूनच मरते. वर्गात हा नियम शिकले त्या दिवशी मी वहीच्या कोपऱ्यात आजीची आद्याक्षरे लिहिल्याचे आठवते. मधल्या अक्षराच्या जागी टिंब होते.

झेमचुगोव्हाचा आवाज कसा होता, हे सांगायला अर्थातच काही शिल्लक नाही. उरल्या आहेत त्या प्रसंगांच्या नोंदी. ग्रेत्रीच्या 'साम्नाइट विवाह' या ऑपेरातली एलियान ही तिची सर्वांत गाजलेली भूमिका. रूढी मोडून आपले प्रेम उघड बोलून दाखवणारी आणि शस्त्र हाती घेणारी मुलगी. १७८७ मध्ये सम्राज्ञी कॅथरीन कुस्कोवोला आली, तिने झेमचुगोव्हाला ऐकले आणि हिऱ्याची अंगठी भेट दिली. रंगमंचावरची एलियान स्वतःचा वर स्वतः निवडत होती. ती भूमिका करणाऱ्या बाईला मालकाच्या परवानगीशिवाय हवेलीचे आवार ओलांडता येत नव्हते.

तिच्यासाठी, निदान बव्हंशी तिच्यासाठी, निकोलायने ओस्तान्किनो इथे नवी नाट्यशाळा बांधली. आज त्या जागेशेजारी ५४० मीटर उंचीचा दूरदर्शनचा मनोरा उभा आहे आणि त्याच्यापुढे हा गुलाबी महाल खेळण्यासारखा दिसतो. महाल लाकडाचा आहे. भिंतींना गिलावा देऊन दगडाचा आभास केला आहे, आणि आतल्या दिमाखाचा बराचसा भाग कागदाच्या लगद्याचा. पण लाकडामुळेच त्या दालनात आवाज विलक्षण खुलतो. फ्योदर प्र्याखिन या भूदास कारागिराने तिथली यंत्रे बांधली. प्रेक्षागृहाची जमीन उचलून रंगमंचाच्या पातळीला आणता येई आणि नाटक संपताच तिथे नाचाचे दालन तयार होई. खांब पोकळ होते आणि जागचे हलवता येत. मेघगर्जनेसाठी, पावसासाठी, वाऱ्यासाठी वेगवेगळी यंत्रे होती. २२ जुलै १७९५ रोजी पहिला प्रयोग झाला. विषय होता तुर्कांकडून इझ्माईलचा किल्ला जिंकल्याचा, म्हणजे साम्राज्याच्या ताज्या विजयाचा. १७९७ मध्ये पदच्युत पोलिश राजा स्तानिस्लाव तिथे एलियान पाहायला आला. त्याचा देश दोनच वर्षांपूर्वी नकाशावरून पुसला गेला होता आणि वाटणीत रशियाचा हात सर्वांत मोठा होता. मुलूख गमावलेला राजा खाली, स्वतःच्या देहावर हक्क नसलेली गायिका वर, आणि दोघांच्या मधोमध प्र्याखिनची चाके. साम्राज्याचे वैभव म्हणतात ते काय असते, हे मला त्या काळच्या कोणत्याही राज्यारोहणापेक्षा या एका संध्याकाळीत जास्त स्पष्ट दिसते.

काउंट आणि पराशा यांच्या प्रेमाची कथा रशियात सगळ्यांना पाठ आहे. जंगलातून संध्याकाळी गाई हाकत येणारी मुलगी आणि शिकारीहून परतणारा मालक यांची भेट सांगणारे एक लोकगीत आहे आणि ते पराशानेच रचले असे परंपरा मानते. गीत गोड आहे. पण ज्या वयात मुली गाई हाकतात त्या वयात पराशा हवेलीत फ्रेंच शब्दांचे उच्चार घोटत होती. त्या दोघांत प्रेम नव्हते असे मला म्हणायचे नाही. निकोलायने पुढे जे केले ते प्रेमाशिवाय कोणी करत नाही. मला अडते ते वेगळ्याच ठिकाणी. जिला नाही म्हणता येत नव्हते तिचे हो कसे ओळखायचे, आणि ते ओळखण्याची गरज तिच्या मालकाला केव्हा वाटली, हे त्या गोड कथेत कोणी विचारत नाही.

ती गरज वाटली असावी, असा एक पुरावा मात्र आहे. १७९८ मध्ये निकोलायने तिला मुक्ततेचा कागद दिला. ती तीस वर्षांची होती. क्षयाने आवाज हिरावून नेला होता आणि ओस्तान्किनोची रंगशाळा तिच्याविना शांत झाली होती. म्हणजे ज्या गळ्यासाठी तिला घरातून आणले होते तो गळा संपल्यावर ती स्वतंत्र झाली. यापुढचा टप्पा लग्नाचा, आणि त्यात पुन्हा नाव आडवे आले. साम्राज्यातल्या सर्वांत श्रीमंत उमरावाने लोहाराच्या मुलीशी लग्न करणे म्हणजे दरबारात तोंड दाखवायला जागा न उरणे. म्हणून कोवाल्योव्हाचे मूळ कोवालेव्स्की नावाच्या पोलिश खानदानात असल्याची वंशावळ तयार करण्यात आली. कोवाल्योव्ह आणि कोवालेव्स्की यांच्यात दोन-तीन अक्षरांचा फरक आहे, आणि त्या अक्षरांच्या अलीकडे लोहाराची भट्टी आहे तर पलीकडे ढाल-तलवारीचे मानचिन्ह. पाठीला पोक आलेल्या इव्हानला स्वतःला आपण पोलिश सरदारांच्या रक्ताचे असल्याचे ऐकून काय वाटले असते, हा विचार माझ्या मनात बऱ्याचदा येतो. मूळ इव्हान खोडला गेला आणि एक कागदी इव्हान उभा राहिला, पण मुलगी मात्र इव्हानोव्हनाच राहिली.

६ नोव्हेंबर १८०१ रोजी मॉस्कोतल्या पोवार्स्काया रस्त्यावरच्या एका चर्चमध्ये मोजक्या साक्षीदारांसमोर गुपचूप लग्न लागले. काउंटेस शेरेमेत्येव्हा हे तिचे शेवटचे नाव आणि ते तिने जेमतेम सव्वा वर्ष वापरले, तेही चार भिंतींच्या आत. ३ फेब्रुवारी १८०३ रोजी फोंतांकाच्या काठच्या महालात तिला मुलगा झाला, त्याचे नाव दिमित्री. २३ फेब्रुवारीला ती गेली. तिच्या लग्नाची बातमी पीटर्सबर्गच्या बहुतेक उमरावांना तिच्या मुलाच्या जन्माबरोबर आणि मृत्यूबरोबर कळली. अंत्ययात्रेला त्यांच्यापैकी फारसे कोणी फिरकले नाही. मॉस्कोत गरिबांसाठी जे आश्रयगृह आणि रुग्णालय निकोलाय बांधत होता त्याला त्याने तिचे स्मारक मानले, तिच्या स्मृतिदिनी गरीब मुलींच्या लग्नासाठी पैसा वाटला जावा अशी व्यवस्था लावली, आणि १८०९ मध्ये तोही मेला. त्या इमारतीत आज स्क्लिफोसोव्स्की या नावाने ओळखली जाणारी तातडीच्या उपचारांची मोठी संस्था आहे.

पराशाची गोष्ट इथे संपवणे सोपे आहे आणि बहुतेक लोक ती इथेच संपवतात. मला मात्र तिच्याबरोबरच्या, अंगठी न मिळालेल्या लोकांचे काय झाले हे पाहावेसे वाटले. मॉस्कोच्या सरकारी रंगभूमीने १८०६ मध्ये स्तोलिपिन नावाच्या जमीनदाराकडून त्याची भूदास नाटकमंडळी ३२,००० रूबलला विकत घेतली. मालक आपल्याला फुटकळ विकून टाकणार हे कळल्यावर नटांनी स्वतःच झार अलेक्झांडरकडे अर्ज केला होता की, आम्हाला सरकारने घ्यावे. अर्ज मंजूर झाला, घासाघीस होऊन किंमत ठरली. पुढे ज्या रंगभूमीला माली थिएटर म्हणून साऱ्या रशियात मान मिळाला तिच्या पायात ही खरेदी आहे. या नटांची नावे जाहिरातीच्या कागदावर छापली जात तेव्हा एक बारीक भेद पाळला जाई. जन्मतः स्वतंत्र असलेल्या नटाच्या नावाआधी 'श्रीयुत' या अर्थाचे 'ग' हे एक अक्षर असे, आणि विकत घेतलेल्या नटाच्या नावाआधी ते नसे. प्रेक्षकाला तिकिटाच्या दरात तेवढीही माहिती मिळत होती. माली थिएटरच्या नाट्यविद्यालयाला आजही ज्याचे नाव आहे तो नट मिखाईल श्चेपकिन असाच भूदास जन्मला. त्याच्या सुटकेसाठी चाहत्यांनी वर्गणी काढली, आणि स्वतंत्र होईपर्यंत त्याची तिशी उलटून गेली होती.

शेरेमेत्येवांच्या घरातही हिशेब तसाच चालू राहिला. मंडळीचा संगीतकार स्तेपान देग्त्यार्योव्ह याने मीनिन आणि पोझार्स्की या मॉस्को सोडवणाऱ्या वीरांवर रचलेला ऑरातोरिओ, म्हणजे अभिनयाविना गायची मोठी संगीतरचना, १८११ मध्ये मॉस्कोत गाजला. रशियन भाषेतली त्या जातीची ती पहिली रचना मानतात. काउंटने शब्द दिला असूनही मुक्ततेचा कागद हाती न पडताच दोन वर्षांनी तो वारला. आणि मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट इव्हान बातोव्ह या वाद्यकारागिराची आहे. त्याच्या व्हायोलिनींची तुलना लोक स्त्रादिवारी या विख्यात इटालियन कारागिराच्या व्हायोलिनींशी करत. १८२२ मध्ये त्याने एक अप्रतिम चेलो घडवला आणि तरुण काउंटला नजर केला. बदल्यात त्याला कुटुंबासह स्वातंत्र्य मिळाले. हा तरुण काउंट म्हणजे दिमित्री निकोलायेविच, पराशाचा मुलगा. तो दयाळू होता, दानधर्मासाठी त्याची ख्याती होती. तरी पन्नाशी उलटलेल्या कारागिराला आपली मोकळीक मिळवायला चेलो घडवावा लागला, तो एका भूदास बाईच्या मुलासाठी. दिमित्रीने आईचा आवाज कधी ऐकला नाही, पण तिच्या गावची माणसे त्याला वारसाहक्काने मिळाली.

याच दिमित्रीच्या फोंतांकाकाठच्या घरात १८२७ मध्ये ओरेस्त किप्रेन्स्की या चित्रकाराने पुश्किनचे व्यक्तिचित्र काढले, खांद्यावर चौकड्यांची शाल घेतलेले, जे रशियन पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या डोळ्यांत बसले आहे. किप्रेन्स्की हा जमीनदार आणि भूदास बाई यांचा अनौरस मुलगा, आणि त्याचे आडनावही असेच कोणीतरी बेतून दिलेले. विमानतळाच्या फलकावर शेरेमेत्येव आणि पुश्किन ही दोन नावे शेजारी दिसली तेव्हा मला हे घर आठवले. पराशाची मैत्रीण, नर्तकी तात्याना श्लिकोव्हा, म्हणजे रत्नांच्या यादीतली ग्रानातोव्हा, याच घरात राहिली. तिने दिमित्रीला वाढवले, त्याच्या मुलाला जुन्या गोष्टी सांगितल्या आणि १८६३ पर्यंत जगली. म्हणजे १८६१ चा तो जाहीरनामा, ज्याने सुमारे २ कोटी ३० लाख भूदासांना मोकळे केले, तिच्या डोळ्यांदेखत आला. त्या वर्षी ती ८८ वर्षांची होती.

पीटर्सबर्गला मी त्या घरी गेले ते ऑक्टोबरातल्या एका ओल्या दुपारी. नदीच्या बाजूला लोखंडी फाटक आहे, दर्शनी भागावर शेरेमेत्येवांचे मानचिन्ह आहे, त्याखाली लॅटिनमध्ये 'देव सर्व काही जतन करतो' असे बोधवाक्य. पिवळ्या भिंतीवर पाणी निथळत होते. घर राज्यक्रांतीनंतर सरकारजमा झाले, काही काळ उमरावी राहणीचे संग्रहालय झाले, आणि मागच्या पाख्यात सामान्य लोकांना खोल्या मिळाल्या. त्या रहिवाशांत कवयित्री आन्ना अख्मातोव्हा होती. विसाच्या दशकाच्या मध्यापासून १९५२ पर्यंत, युद्धातली वर्षे सोडली तर, ती इथेच होती. इथून तिच्या मुलाला अटक झाली. इथून ती तुरुंगाच्या दाराशी सतरा महिने रांगेत उभी राहायला जात असे. इथे तिने कागदाच्या चिटोऱ्यावर ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या पाठ केल्या आणि चिटोरे राखदाणीत जाळले गेले.

अख्मातोव्हा हेही दिलेले नाव नाही, घेतलेले आहे. बापाला मुलीच्या कवितांखाली आपले आडनाव नको होते, म्हणून तिने आजोळच्या वंशातले नाव उचलले. युद्धानंतर महालात ध्रुवप्रदेशाच्या संशोधनाची सरकारी संस्था होती आणि आवारात शिरायला ओळखपत्र लागे. तिचे ओळखपत्र आता इथल्या संग्रहालयात आहे. त्यावर हुद्द्याच्या रकान्यात 'झिलेत्स' लिहिले आहे, म्हणजे राहणारी व्यक्ती. साऱ्या देशाची एवढी मोठी कवयित्री आणि हुद्दा काय, तर इथे राहते. मी त्या काचेपाशी बराच वेळ उभी होते. पोस्टकार्डाहून लहान कागद, आणि त्यावर कोणा कारकुनाचे अक्षर.

या बाईला पराशा ठाऊक होती. तिच्या दीर्घ कवितेच्या बाहेर ठेवलेल्या एका कडव्यात मध्यरात्र काहीतरी पुटपुटते आणि महालाची तरुण मालकीण पराशा मेल्याचे सांगते. तिला ती काउंटेसही म्हणत नाही आणि झेमचुगोव्हाही म्हणत नाही. त्याच कवितेच्या सुरुवातीला अख्मातोव्हाने मानचिन्हाखालचे ते लॅटिन वाक्य घातले आहे. देव सर्व काही जतन करतो, हे वाक्य तिने श्रद्धेने घातले की उपहासाने, यावर अभ्यासकांनी पाने भरली आहेत. मला वाटते, ज्या घरात राखदाणीतून कविता बचावल्या त्या घरात श्रद्धा आणि उपहास वेगळे काढताच येणार नाहीत.

परतीच्या आदल्या दिवशी मॉस्कोत कुस्कोवोला गेले. मेट्रोने, मग बसने. तळे, त्याच्या काठी गुलाबी लाकडी हवेली, शिंपल्यांनी मढवलेली कृत्रिम गुहा, आणि आकाशाखालच्या जुन्या रंगशाळेचे जेमतेम ओळखू येणारे उंचवटे. गर्दी नव्हती. मला पाहायचे होते ते एकच चित्र. निकोलाय अर्गुनोव्हने १८०३ मध्ये पूर्ण केलेले काउंटेसचे पूर्णाकृती व्यक्तिचित्र.

पार्श्वभूमी जवळजवळ काळी. पट्ट्यापट्ट्यांचा सैल घरगुती झगा, आणि त्याखाली लपवण्याचा जराही प्रयत्न न केलेले गरोदरपण. त्या काळच्या उमरावी चित्रांत मी असे दुसरे पाहिलेले नाही. पट्टे पोटावरून वळतात तिथे चित्रकाराने त्यांचा बाक इतक्या निगुतीने काढला आहे की, नजर आधी तिथेच जाते आणि मग चेहऱ्याकडे वळते. चेहरा ओढलेला, फिकट, डोळे मोठे आणि कोरडे. ती कोणाकडे पाहत नाही आणि कोणी पाहावे अशी तिची अपेक्षाही दिसत नाही. रंगमंचावर जन्म गेलेल्या बाईची ही नजर आहे, हे सांगितले नसते तर कळले नसते. अर्गुनोव्ह तिच्याहून तीन वर्षांनी लहान. तोही शेरेमेत्येवांचा भूदास, बापही भूदास चित्रकार. हे चित्र रंगवताना तो त्याच्यासमोर उभ्या असलेल्या बाईच्या नवऱ्याची मालमत्ता होता. त्याला मुक्तता मिळाली १८१६ मध्ये, आणि दोनच वर्षांत कला अकादमीने त्याला सदस्य करून घेतले. दोघे एकाच हवेलीच्या मागच्या आवारात वाढलेले. चित्रासाठी ती उभी राहत असताना ते एकमेकांना काय म्हणून हाक मारत असतील? रशियनमध्ये मानाने बोलायचे तर नाव आणि बापाचे नाव जोडून घेतात, आणि भूदासाला तो मान कोणी देत नसे. त्याला लहान मुलासारखे तोडक्या नावानेच बोलावत.

दालनाच्या कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारी रखवालदारीण विणकाम करत बसली होती. तिथल्या संग्रहालयांत दालनागणिक अशी एक आजी असते, आणि चित्राच्या फार जवळ गेलात तर ती शाळेतल्या बाईसारखी दटावते. मला तिने दटावले नाही. बंद व्हायची वेळ झाली तशी ती उठली, लोकर पिशवीत ठेवली आणि खिडकीचा पडदा ओढू लागली. मी माझ्या मोडक्या रशियनमध्ये म्हणाले की, अजून पाच मिनिटे आहेत ना? तिने घड्याळाकडे पाहिले नाही. पडद्याची दोरी हातात धरून ती म्हणाली, "पुरे आता. प्रस्कोव्या इव्हानोव्हनाला उजेड सोसत नाही."